कायद्याचे छत्र आणि उसाच्या फडातील माता

बारामती-इंदापूर : २०२४ साली इंदापूर तालुक्यातून एक दुःखद बातमी आली. एका विवाहित महिलेचा घरीच बेकायदेशीरपणे गर्भपात करण्यात आला, अतिरक्तस्राव होऊन ती दगावली आणि अर्भक शेतात पुरण्यात आले, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. कुटुंबीयांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. त्यावर भाष्य करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ही घटना एक प्रश्न मागे ठेवून गेली आहे, आणि तो ख्रिस्ती भाविकांनीही स्वतःला विचारावा असा आहे.

इंदापूर आणि बारामती हे काही दुर्गम तालुके नाहीत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. इंदापूरलाही उपजिल्हा रुग्णालय आहे. पुणे-सोलापूर महामार्ग तालुक्यातून जातो. गरोदर स्त्रीचे आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे रक्षण करणारे कायदे या देशात पन्नास वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात आहेत. एवढे सर्व असताना एका स्त्रीला स्वतःच्या घरात रक्तस्रावाने प्राण गमवावे लागतात, याचा अर्थ काय? कायद्यात उणीव आहे, की कायदा आणि ती स्त्री यांची कधी गाठच पडली नाही?

कायदा मुळात कोणासाठी?

भारतात गर्भपात हा मूलतः गुन्हा आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये त्यासाठी शिक्षा सांगितली आहे. या नियमाला अपवाद निर्माण केला तो १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने. त्यापूर्वी १९६४ साली केंद्र सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष शांतीलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरतात, ही त्या समितीपुढील मुख्य चिंता होती. १ एप्रिल १९७२ पासून कायदा अमलात आला.

या कायद्याची शब्दरचना नीट पाहण्यासारखी आहे. स्त्रीला अमुक अधिकार आहे, असे तो म्हणत नाही. नोंदणीकृत डॉक्टरने या अटी पाळून गर्भपात केला तर तो गुन्हेगार ठरणार नाही, असे तो म्हणतो. सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल डॉक्टरवर खटला भरता येणार नाही, असेही कलम ८ सांगते. म्हणजे कायद्याचे पहिले छत्र डॉक्टरच्या डोक्यावर आहे. स्त्रीला सावली मिळते ती डॉक्टरच्या मार्फत. ज्या स्त्रीची पात्र डॉक्टरशी भेटच होत नाही, ती या छत्राबाहेर राहते. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

२०२१ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरपासून ती लागू झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे आहे. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही मुभा अत्याचारग्रस्त, अल्पवयीन, विधवा वा घटस्फोटित झालेल्या, अपंग अशा ठरावीक स्त्रियांपुरती आहे. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास राज्याचे वैद्यकीय मंडळ निर्णय देते. स्त्रीचे प्राण तत्काळ वाचवायचे असतील तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. स्त्रीचे नाव उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत समाविष्ट केले. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका प्रकरणात, मातेच्या जिवाला धोका नाही आणि गर्भ निरोगी आहे, हे पाहून त्याच न्यायालयाने परवानगी नाकारली. भारतीय कायदा ना सर्वस्वी मोकळा आहे, ना सर्वस्वी बंद.

अमेरिकेतील परिस्थितीशी याची तुलना उद्बोधक आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये हा विषय राज्यांकडे सोपविला. तेव्हापासून काही राज्यांनी जवळजवळ संपूर्ण बंदी घातली, तर काहींनी आपल्या डॉक्टरांना परराज्यांतील कारवाईपासून संरक्षण देणारे कायदे केले. आपल्याकडे कायदा केंद्राचा व एकच आहे. त्यामुळे राज्याराज्यांतील अशी तेढ येथे नाही. येथे अंतर आहे ते लिहिलेला कायदा आणि जगणारी स्त्री यांच्यातील.

ख्रिस्तसभेची भूमिका

या विषयावर ख्रिस्तसभेची शिकवण सर्वश्रुत आहे. मानवी जीवन गर्भधारणेपासून पवित्र आहे आणि हेतुपुरस्सर गर्भपात हे गंभीर पाप आहे, असे ती मानते. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘जीवनाचे शुभवर्तमान’ या परिपत्रकात हीच शिकवण पुन्हा स्पष्ट केली. परंतु त्याच परिपत्रकात गर्भपात केलेल्या स्त्रियांशी ते पित्याच्या मायेने बोलले आहेत, याची आठवण फारशी काढली जात नाही. २०१६ साली करुणावर्षाच्या सांगतेला पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमस्वरूपी दिला. शिकवण कठोर आहे. ती शिकविणाऱ्याचा हात कठोर असावा, असे मात्र ख्रिस्तसभेने म्हटलेले नाही.

कॅथलिक डॉक्टर, परिचारिका आणि धर्मभगिनींच्या रुग्णालयांपुढे येथे एक वेगळा प्रश्न उभा राहतो. १९७१ च्या कायद्याने कोणत्याही खासगी रुग्णालयावर गर्भपात केंद्र चालविण्याची सक्ती केलेली नाही. त्यासाठी मान्यता मागावी लागते. ज्यांना ती नको असते ते अर्जच करीत नाहीत. परंतु वैयक्तिक डॉक्टरच्या विवेकबुद्धीला कायद्यात स्पष्ट संरक्षण नाही. उलट, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत असे म्हटले आहे, की वैद्यकीय गरज असताना केवळ धार्मिक कारणावरून डॉक्टरने नसबंदी, संततिनियमन वा गर्भपात यांत साहाय्य नाकारू नये; आपण त्या कामी अक्षम आहोत असे वाटले तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली. शासकीय सेवेत असलेल्या आपल्या तरुण-तरुणींनी हे वाक्य माहीत करून घेतले पाहिजे. विवेकबुद्धीला संरक्षण मागणे हा त्यांचा अधिकार आहे. मात्र ती मागणी करताना रुग्ण स्त्री वाऱ्यावर सोडली जाणार नाही, याचे उत्तरही त्यांना द्यावे लागेल.

हे उत्तर देण्यात कसूर झाली तर काय होते, हे बेळगावच्या एका कन्येच्या मृत्यूने जगाला दाखविले. दंतवैद्य असलेल्या सविता हलप्पनवार यांचे २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील गॉलवे येथे निधन झाले. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळले होते. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू असल्याने त्यांनी गर्भपाताची विनंती मान्य केली नाही. त्यांच्या अंगात जंतुसंसर्ग पसरला आणि त्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. तेथील कायदा इतका अस्पष्ट होता, की आपण नेमके केव्हा हस्तक्षेप करू शकतो याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती. २०१३ मध्ये आयर्लंडने मातेच्या प्राणरक्षणाचा कायदा केला आणि २०१८ च्या सार्वमताने गर्भपातावरील घटनात्मक बंदी उठविली. मातेच्या प्राणघातक आजारावर आवश्यक ते उपचार करण्यास, त्यातून गर्भाचा मृत्यू हेतू नसतानाही ओढवणार असला तरी, ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राची मनाई नाही. ज्या डॉक्टरला कायद्याचेही भय वाटते आणि धर्माचेही, त्याच्या भयाची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. ही घटना कॅथलिक वाचकाने दुसऱ्याची म्हणून बाजूला ठेवू नये.

मुलींचा कायदा आणि डॉक्टरांची तक्रार

महाराष्ट्राला एका बाबतीत पहिलेपणाचा मान आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, तो १९९६ पासून लागू झाला. पण अंमलबजावणी होत नव्हती. म्हणून २००० साली ‘सेहत’ ही संस्था, पुणे जिल्ह्यातच काम करणारी ‘मासूम’ ही संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या आदेशांनंतर २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा अर्ज भरणे बंधनकारक झाले. स्त्रीवर कुटुंबाची सक्ती झाली असेल, असे गृहीत धरून कायद्याने तिला संरक्षण दिले आहे.

तरीही आकडे बोलके आहेत. राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८९४ उरल्या. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ८०७ पर्यंत घसरले. २०१२ साली परळीतील आणि २०१७ साली सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथील प्रकरणांनी राज्य हादरले. दोन्ही ठिकाणी गर्भपातादरम्यान स्त्रीचा मृत्यू झाला आणि तेव्हाच सारे उघडकीस आले. मुलीचा गर्भ आणि मुलीची आई, दोघींचा बळी एकाच टेबलावर गेला.

या कायद्याबद्दल डॉक्टरांचीही एक तक्रार आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. अर्जातील एखादा रकाना रिकामा राहिला तरी गुन्हा दाखल होतो, मशीन सील होते आणि प्रामाणिक डॉक्टरची प्रतिष्ठा जाते, असे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे होते. ३ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. हा अर्ज हीच कायद्याच्या अंमलबजावणीची किल्ली आहे. तो अपूर्ण ठेवणे ही किरकोळ चूक नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. निर्णय योग्यच आहे. पण भीतीचा एक दुष्परिणामही होतो. कारवाईच्या धास्तीने काही डॉक्टर कायदेशीर उपचारही टाळतात आणि अडचणीतील स्त्री भोंदूच्या हाती सापडते. ज्या कायद्याने भोंदूला धाक बसावा त्याचा धाक प्रामाणिक डॉक्टरलाच अधिक वाटू लागला, तर फायदा भोंदूचाच होतो.

डॉक्टरांच्या संरक्षणासाठी इतरही तरतुदी आहेत. रुग्णालयावरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. बाळंतपणात माता दगावली की संतप्त नातेवाइकांचा जमाव जमतो, हे तालुक्याच्या गावांतील लहान प्रसूतिगृहांना नवे नाही. डॉक्टर भयमुक्त असेल तरच तो अवघड बाळंतपण हाती घेईल. नाहीतर ‘पुण्याला न्या’ असे सांगून मोकळा होईल. त्या वाटेवर लागणारा वेळ कित्येकदा मातेच्या जिवावर बेततो.

कोपीतील बाई

आता या सर्व कायद्यांसह नीरा डाव्या कालव्याच्या काठी येऊ. १८८५ च्या सुमारास या कालव्याने बारामती-इंदापूरच्या माळरानाला पाणी दिले आणि कालांतराने येथे ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे ही गावे आज साखर कारखान्यांमुळे ओळखली जातात. हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड कुटुंबे येतात. मुकादमाकडून नवरा-बायको मिळून उचल घेतात. दोघांचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एक दिवस काम चुकले की खाडा लागतो. उसाच्या पाचटाच्या कोपीत संसार मांडला जातो. पहाटे फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या.

या बाईला दिवस गेले तर? तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गावी असते. तिची आशा सेविका गावी असते. येथील सेविकेच्या यादीत तिचे नाव नसते. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर विश्रांती घ्यावी तर खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई केली होती. आता त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. पण हे नियम मालक आणि नोकर अशा नात्यावर उभे आहेत. येथे कारखाना म्हणतो, ती मुकादमाची माणसे. मुकादम म्हणतो, मी फक्त उचल दिली. मालकच नसेल तर रजा कोणाकडे मागायची?

याच पोकळीतून एक भयंकर प्रथा वाढली. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे जवळजवळ दर सहा स्त्रियांमागे एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. ओटीपोटात दुखते, अंगावर पांढरे जाते, अशा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवरही ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आल्याच्या तक्रारी होत्या. त्यानंतर बीडमधील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निर्णय देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

येथे गर्भपाताचा वाद नाही. येथे ख्रिस्तसभेची शिकवण आणि देशाचा कायदा यांच्यात तिळमात्र मतभेद नाही. स्त्रीचे शरीर हे हंगामाचे अवजार नव्हे, एवढेच दोघांचेही सांगणे आहे. असे असताना गर्भपाताविषयी आपण जितके बोलतो त्याच्या दशांशाने तरी या तेरा हजार आठशे एकसष्ट स्त्रियांविषयी बोललो का?

आपल्या धर्मग्रामांपुढील काम

कायदा बदलण्याचे काम विधिमंडळाचे आहे. परंतु कायदा आणि स्त्री यांची गाठ घालून देण्याचे काम कोणीही करू शकतो. त्यासाठी धर्मग्रामातील स्त्रियांचे मंडळ, युवक संघटना आणि परिचारिका भगिनी यांना मोठ्या निधीची गरज नाही. हंगामात कोप्यांच्या तळावर जाऊन गरोदर स्त्रियांची नावे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदविता येतील. शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन आणि तेथवर ने-आण मोफत आहे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे सांगता येईल. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळालेल्या स्त्रीला दुसऱ्या डॉक्टरकडे सोबत नेता येईल. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद आहे. ती दर्शनी भागी लावली आहे का, हे विचारता येईल. गर्भलिंगनिदानाची कुणकुण लागल्यास आरोग्य अधिकाऱ्यांना कळविता येईल, मग ते कुटुंब आपल्या ओळखीचे का असेना.

आणि एखादी मुलगी वा सून नको असलेल्या गर्भाच्या भाराने दाराशी आली, तर आपले पहिले वाक्य कोणते असेल? तिला दोष देणारे, की ‘आत ये’ म्हणणारे? जीवन वाचवा, असे तिला सांगण्याचा नैतिक अधिकार तिच्या बाळंतपणाचा, तिच्या बाळाच्या दुधाचा आणि तिच्या अब्रूचा भार उचलणाऱ्यालाच असतो. इंदापूरच्या त्या घरात दगावलेल्या स्त्रीकडे कायदा पोहोचला तो गुन्हा नोंदविण्यासाठी. शेजारी त्याच्या आधी पोहोचू शकला असता.

वाटेत जखमी पडलेल्या माणसाजवळून याजक व लेवी निघून गेले आणि परका शोमरोनी थांबला, हा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शोमरोन्याने त्याला धर्म विचारला नाही, गाव विचारले नाही. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर येत्या हंगामातही उसाच्या गाड्या येतील आणि त्यांवर पोटुशा स्त्रिया बसलेल्या असतील. त्यांना पाहून आपण थांबणार की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.